१३ स्पीकर, दोन गुणपत्रिका

ऑगस्ट २००१ च्या अंकात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी मासिकाने स्पीकरांची तपासणी छापली. प्रत्येक नावापुढे अचूकतेचा एक आकडा, शंभरपैकी. ज्याला खर्जाचा वूफर कुठला आणि टिपेचा ट्वीटर कुठला हे ठाऊक नाही, त्यानेही तक्त्यावर बोट फिरवावं, वरच्या दोन-चार नावांतलं खिशाला परवडेल ते उचलावं आणि घरी जावं, इतकी सोय. आकडा कुणाच्या मतावर उभा नव्हता. मायक्रोफोन लावला, मोजलं, गणित केलं. आपण ज्याला वस्तुनिष्ठ परीक्षण म्हणतो ते हेच.

तीन वर्षांनी, मे २००४ मध्ये, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या बर्लिनच्या अधिवेशनात ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी एक निबंध मांडला. त्या तपासणीतले १३ स्पीकर त्यांनी पडद्याआडून लोकांना ऐकवले होते, लोकांकडून गुण घेतले होते आणि ते मासिकाच्या गुणांशेजारी ठेवून पाहिले होते. दोन गुणपत्रिकांचा एकमेकींशी काडीचा संबंध निघाला नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या दुसऱ्या भागात तो आकड्यात दिला आहे: सहसंबंध उणे ०.२२. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या तर हा आकडा १ येतो, काहीच नातं नसेल तर ०, अगदी उलट्या चालल्या तर उणे १. तेरा नगांवरचं उणे ०.२२ हे संख्याशास्त्राच्या दृष्टीने शून्यच धरायचं. म्हणजे मासिकाचा तक्ता बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तरी गिऱ्हाईकाचं फारसं बिघडलं नसतं.

ऑडिओच्या गप्पांत दोन तट असतात. एक म्हणतो, कान हाच खरा, आलेख गेले चुलीत. दुसरा म्हणतो, आलेख दाखव, नाहीतर गप्प बस. या प्रकरणात दोघांनाही थोडं थोडं अवघडायला होतं, म्हणून मला ते आवडतं. आलेखवाल्यांचा माणूस इथे सपशेल पडतो. पण त्याला पाडणारा आणि नंतर उभा करणारा, दोन्ही आलेखवालेच आहेत.

मासिक आणि त्याचा दरारा

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून निघतं. जाहिराती घेत नाही. तपासायचा माल कंपनीकडून मागवत नाही, साध्या गिऱ्हाईकासारखा दुकानातून विकत आणतं. फ्रीजपासून मोटारीपर्यंत सगळं तपासतं आणि अमेरिकी मध्यमवर्ग त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत आला आहे. त्यामुळे त्यांच्या तक्त्यात खाली गेलेल्या कंपनीच्या पोटात गोळा येतो.

स्पीकरच्या बाबतीत तर त्यांनी एकदा थेट सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढली आहे. मे १९७० च्या अंकात बोस ९०१ या स्पीकरबद्दल त्यांनी लिहिलं, की त्यावर वाद्यं अवाढव्य वाटतात आणि त्यांचा आवाज खोलीभर भटकतो. ९०१ हा नऊ ड्रायव्हरांचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या नऊ शंकूंचा, चमत्कारिक स्पीकर. त्यातले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून असायचे आणि ऐकणाऱ्याला मुख्यतः भिंतीवरून उसळून आलेला आवाज मिळायचा. बनवणारे अमर बोस एमआयटीत प्राध्यापक होते. त्यांचे वडील ब्रिटिशांच्या राज्यात कलकत्त्याहून निसटून अमेरिकेला गेलेले क्रांतिकारक. मुलगाही सहज ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. कंपनीने दावा ठोकला. कोर्टात कीस पडला तो एका शब्दप्रयोगावर: आवाज ‘खोलीभर’ भटकतो, की दोन स्पीकरांमधल्या ‘भिंतीच्या कडेने’ सरकतो? ज्या इंजिनिअरने ऐकलं होतं त्याच्या साक्षीवरून प्रकार भिंतीच्या कडेचा ठरला, आणि खालच्या कोर्टाने कंपनीला कौल दिला. अपिलात तो फिरला. अखेर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला: शब्द सैल असेल, पण खोटं ठाऊक असून लिहिलं असं दिसत नाही. हा खटला अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत आजही निघतो.

एका क्रियाविशेषणापायी चौदा वर्षं. यामुळे मासिकाने शब्द सोडून आकडा धरला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण मी तिथे संपादक असतो तर मला आकडा फार सुरक्षित वाटला असता, एवढं सांगतो. आकड्याला कोण कोर्टात विचारणार, तू भिंतीच्या कडेने गेलास की खोलीभर?

आकडा यायचा कसा

मासिकाची पद्धत ध्वनिशक्तीवर बेतलेली होती. स्पीकर सगळ्या दिशांना मिळून, म्हणजे समोर, बाजूला, मागे, वर, खाली, एकूण किती ऊर्जा बाहेर टाकतो ते खर्जापासून टिपेपर्यंत तुकड्यातुकड्याने मोजायचं. एकेक तुकडा सप्तकाच्या एक तृतीयांश रुंदीचा. मग ही एकूण ऊर्जा सगळीकडे सारखी, आलेखावर सपाट, आहे का ते बघायचं. जितकी सपाट, तितका स्पीकर अचूक.

ऐकायला हे रास्त वाटतं. खोलीत बसल्यावर आपल्याला फक्त समोरून आलेला आवाज थोडाच मिळतो? भिंती, छत, फरशी, सगळीकडून आदळून येतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये तर विचारूच नका, टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, काचेच्या सरकत्या खिडक्या. बशी पडली तरी देवळात पडल्यासारखी वाजते. तेव्हा सगळ्या दिशांचा हिशेब मांडावा हा विचार चुकीचा नव्हताच. घोळ पुढे आहे.

पडद्याआड

ऑलिव्ह तेव्हा कॅलिफोर्नियातल्या हार्मन कंपनीत होते. जेबीएल, इन्फिनिटी, रेव्हेल हे स्पीकर हार्मनचे. म्हणजे स्पीकर बनवणारी कंपनी स्पीकर तपासणाऱ्या मासिकाची तपासणी करत होती. ही गोष्ट नजरेआड करू नये. ती मनात ठेवूनच पुढचं वाचावं, आणि म्हणूनच चाचणी कशी घेतली हे बारकाईने बघावं.

हार्मनमध्ये ऐकण्यासाठी एक खास खोली होती. समोर पडदा, आवाज आरपार जाईल पण पलीकडचं काही दिसणार नाही असा. पडद्यामागे हवेच्या दाबावर चालणारी सरकती व्यवस्था. ऐकणाऱ्याने बटण दाबलं की चालू स्पीकर मागे जातो आणि दुसरा साधारण तीन सेकंदांत बरोबर त्याच जागी येऊन उभा राहतो. जागा तीच ठेवण्याचं कारण ज्याने घरी स्पीकर हलवून पाहिलाय त्याला ठाऊक असेल: हातभर सरकवला की खर्ज बदलतो. अनेक वेळा आपण स्पीकरची तुलना करतोय असं समजून कोपऱ्याची आणि मधल्या भिंतीची तुलना करत असतो.

प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी केलेली, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला चांगला वाटतो. हे दुकानदाराला आपल्याआधी कळलेलं असतं. एका वेळी एकच स्पीकर, जोडी नाही. जोडीत आवाज इतका पसरतो की खोडी झाकल्या जातात. क्रम यादृच्छिक. चाचणी चालवणाऱ्यालाही आत्ता कोणता वाजतोय हे माहीत नाही. गुण ० ते १० च्या पट्टीवर.

इतका खटाटोप कशाला, याचं उत्तर दहा वर्षं आधीचं आहे. १९९४ मध्ये ऑलिव्ह आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी फ्लॉइड टूल यांनी हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोन प्रकारे ऐकवले, न दाखवता आणि उघड्यावर. चारांत एक छोटा, स्वस्त, प्लास्टिकचा संच होता. न बघता त्याला बरे गुण पडले. उघड्यावर तो घसरला. दोन मोठे, महागडे स्पीकर उघड्यावर वर चढले. नवलाची गोष्ट पुढेच आहे. पडद्याआड ऐकताना स्पीकर खोलीत हलवला किंवा गाणं बदललं, की लोकांचे गुण बदलत होते. म्हणजे कान काम करत होते. उघड्यावर मात्र जागा बदला नाहीतर गाणं बदला, गुण जवळपास तिथल्या तिथे. डोळ्यांनी निकाल लावून टाकला होता आणि कान सुट्टीवर गेले होते. हे लोक आवाजाच्या कंपनीत नोकरी करणारे होते हे विसरू नका.

तर अशा पडद्याआड ते १३ स्पीकर वाजले.

नमुना उत्तरच चुकलेलं

आता खरी गंमत. ऑलिव्ह यांनी नुसतं ‘मासिक चुकलं’ म्हणून हात झटकले नाहीत. त्याच १३ स्पीकरांची आणखी चार तऱ्हेने मोजमापं केली आणि प्रत्येक तऱ्ह लोकांच्या गुणांशी किती जुळते ते पाहिलं. निकाल असे आले:

खोलीत ऐकण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून, सप्तकाच्या एक तृतीयांश तुकड्यांत मोजलं तर ०.७५. तीच खोली, तीच मोजणी, पण तुकडे सप्तकाच्या एक विसांश इतके बारीक केले तर ०.९१. बारीक तुकड्यांची ध्वनिशक्ती घेतली आणि ती सपाटच हवी हा हट्ट सोडला, तर ०.८७. आणि प्रतिध्वनीरहित कक्षात सगळ्या दिशांनी मोजून, थेट आवाज आणि परावर्तनं यांचा वेगवेगळा हिशेब मांडला, तर जवळपास पूर्ण १.

मी या ओळींवर बराच वेळ थांबलो होतो. मासिकाची ध्वनिशक्ती: उणे ०.२२. ऑलिव्ह यांची ध्वनिशक्ती: ०.८७. मोजायची राशी एकच! मग एवढी दरी आली कुठून? मायक्रोफोन बिचारा बरोबर होता. मासिकाने पेपर नीट तपासला होता, बेरीज बरोबर होती, पण हातातलं नमुना उत्तर चुकीचं होतं. ‘अचूक स्पीकर म्हणजे एकूण ऊर्जा सपाट’ हे ते नमुना उत्तर.

ते चुकीचं का, हे घरी दोन मिनिटांत कळतं. स्पीकरवर पिंक नॉइज लावा, म्हणजे धबधब्यासारखी सलग सळसळ. फोनवर फुकट मिळते. एकच स्पीकर चालू ठेवा, समोर उभे राहा आणि हळूहळू त्याच्या बाजूला चालत जा. सळसळीतला ‘स्स’ विझत जातो. मागे पोचलात की उरतो फक्त घुमणारा ‘हूऽ’. कारण साधं आहे. १०० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिच्यापुढे स्पीकरचा खोका म्हणजे नदीतला खुंट, ती त्याला वळसा घालून चहूकडे जाते. १०,००० हर्ट्झची लहर ३.४ सेंटिमीटरची. ती ट्वीटरमधून निघते आणि टॉर्चच्या झोतासारखी पुढेच जाते.

म्हणजे समोर उभ्या माणसाला सगळे स्वर सारख्या जोराने मिळत असतील, तर एकूण ऊर्जा टिपेकडे उतरतीच असणार. खर्ज दाही दिशांना गेला, टीप एकाच दिशेला. बेरीज सारखी होईलच कशी? ती उतरण चांगल्या स्पीकरची खूण आहे. आता ती सपाट करायची असेल तर सोपी वाट एकच: समोरच्या टिपेला फुगवा. समजा एखाद्या स्पीकरची टिपेकडची ऊर्जा झोत झाल्यामुळे ८ डेसिबलने उतरते. ती भरून काढायला समोरून टीप ८ डेसिबलने वर न्यावी लागेल. असा स्पीकर ऐकला आहे मी; लताबाईंचा ‘स’ कानात सुईसारखा घुसतो आणि अर्ध्या तासात माणूस काहीतरी निमित्त काढून उठतो. मासिकाच्या तक्त्यात मात्र तो वर चढला असता. ऑलिव्ह यांनी तर स्पष्टच लिहिलं, की ध्वनिशक्तीचा सपाटपणा आणि लोकांची पसंती यांचं नातं उलटं आहे.

शिवाय कान सगळ्या आवाजाची अशी सरसकट बेरीज करतच नाही. आधी पोचतो तो थेट आवाज. मेंदू स्वराचा पोत आणि दिशा बऱ्याच अंशी त्यावरून ठरवतो. काही मिलिसेकंदांनी पहिली परावर्तनं येतात, बाजूच्या भिंतीवरून, फरशीवरून. मग उरलेला घोळका. थेट आवाज एक रंगाचा आणि भिंतीवरून आलेला दुसऱ्याच रंगाचा असेल तर ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं, जरी काय खटकलं ते सांगता आलं नाही.

दुसरा दोष तुकड्यांच्या रुंदीचा. १००० हर्ट्झच्या आसपास सप्तकाचा एक तृतीयांश म्हणजे ८९१ ते ११२२ हर्ट्झ, २३१ हर्ट्झ रुंद पट्टा. विसांश घेतला तर ३५ हर्ट्झ. समजा त्या रुंद पट्ट्याच्या अर्ध्या भागात स्पीकर ३ डेसिबलने चढलाय आणि उरलेल्या अर्ध्यात ३ डेसिबलने पडलाय. खोक्याची फळी कंप पावत असेल किंवा वूफर-ट्वीटरची गाठ नीट बसली नसेल तर असं होतं. चढलेला भाग ऊर्जेच्या हिशेबात दुप्पट, पडलेला निम्मा. सरासरी सव्वा पट, म्हणजे आलेखावर दिसणार जेमतेम १ डेसिबलचा उंचवटा. सहा डेसिबलचा खड्डा-टेकडीचा रस्ता, आणि नकाशावर एक ठिपका. खोलीतल्या मोजणीत नुसते तुकडे बारीक केल्याने ०.७५ चं ०.९१ का झालं, ते यावरून समजावं.

एखाद्या कंपनीने जाहिरातीत दिलेला गुळगुळीत आलेख बघून हरखून जाण्याआधी तो किती घोटलाय हे बघायची सवय मला या प्रकरणाने लावली. उभ्या पट्टीवर एकेक घर १० डेसिबलचं असेल तर हिमालयही माळरान दिसतो.

मग पसंती कशात आहे

दुसऱ्या भागात ऑलिव्ह यांनी पसारा वाढवला: १९ वेगवेगळ्या चाचण्यांतले ७० स्पीकर. प्रत्येकाची कक्षात ७० कोनांतून मोजणी. आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर दहा अंशांवर एक, दोन्ही वर्तुळांना सामाईक असलेले दोन बिंदू वजा जाता. त्यावरून पसंतीचा अंदाज देणारं सूत्र बसवलं. त्यात चारच गोष्टी आहेत. समोरचा आलेख बारीकसारीक किती वरखाली होतो. खोलीत पोचेल अशा आवाजाचा अंदाजित आलेख किती वरखाली होतो. तोच अंदाजित आलेख एका सरळ उतरणीला किती धरून चालतो. आणि खर्ज किती खोल जातो.

अंदाजित आलेखाची पाककृतीही ठरलेली आहे: समोरच्या छोट्या खिडकीतला आवाज १२ टक्के, पहिली परावर्तनं ४४ टक्के, ध्वनिशक्ती ४४ टक्के. म्हणजे मासिकाने एकटीच्या जिवावर राज्य दिलेली ध्वनिशक्ती इथेही आहेच, फक्त तिला शेजारीपाजारी मिळालेत आणि तिने सपाट असावं अशी अपेक्षा नाही.

चारांपैकी मला सगळ्यात विचारात पाडणारा घटक खर्जाचा. सूत्रात त्याचं वजन ३०.५ टक्के आहे, समोरच्या आलेखाच्या ३१.५ टक्क्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून. आकडा करून बघू. खर्जाची सीमा लॉगॅरिथममध्ये घेऊन ४.३१ ने गुणायची आणि वजा करायची असा नियम आहे. एक स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत उतरतो, दुसरा ३० पर्यंत. बाकी सगळं सारखं. ६० आणि ३० यांच्या लॉगॅरिथममधला फरक ०.३०१. त्याला ४.३१ ने गुणलं की १.३०. दहाच्या पट्टीवर सव्वा गुणाहून जास्त, फक्त खर्ज एक सप्तक खाली गेला म्हणून. छोट्या खोक्याचा स्पीकर बाकी कितीही सालस असला तरी हे गुण त्याला मिळत नाहीत. म्हणून हल्ली मोजमापं छापणारे परीक्षक दोन गुण देतात, एक आहे तसा आणि एक ‘सबवूफर (निव्वळ खर्जाचा वेगळा स्पीकर) जोडला असं धरून’. छोट्या स्पीकरवाल्यांना तेवढाच दिलासा.

१३ स्पीकरांवर जवळपास पूर्ण १ आलेला सहसंबंध ७० स्पीकरांवर ०.८६ झाला. ही घसरण मला उलट विश्वासार्ह वाटते. तेरा बिंदूंतून नेमकी जाणारी रेष कुशल माणूस काढू शकतो. मुलाच्या मापाने शिवलेला सदरा त्याच मुलाला बसला तर शिंप्याचं कौतुक किती करायचं? सत्तर जणांना बऱ्यापैकी बसला, हे जास्त मोलाचं. ०.८६ चा वर्ग केला की ०.७४: लोकांच्या गुणांतल्या फरकापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग सूत्र पकडतं, पाव भाग निसटतो.

आक्षेप

आक्षेप आहेत आणि काही वजनदार आहेत. सूत्र ज्या ७० स्पीकरांवर बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं. विरूपण, म्हणजे आवाज फाटणं, त्यात नाही. आवाज मोठा केल्यावर वूफर धापा टाकतो का हे सूत्राला कळत नाही. ऐकणं सगळं एकाच स्पीकरवर, आणि आपण घरी जोडी ऐकतो. आज कुणी दोन स्पीकरांपैकी एकाला ५.८ आणि दुसऱ्याला ६.१ देऊन दुसरा श्रेष्ठ असं ठासून सांगत असेल, तर तो सूत्राच्या डोक्यावर त्याला न पेलणारं ओझं देतोय. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’चा तक्ता गेला आणि त्याच्या जागी नवा तक्ता आला, वाचणाऱ्याची बोट फिरवायची सवय तीच.

आणखी एक शंका नेहमी काढतात: हार्मनचे श्रोते प्रशिक्षित होते, त्यांच्या तयार कानाची आवड सामान्यांवर कशाला लादायची? याचं उत्तर ऑलिव्ह यांच्याच २००३ च्या अभ्यासात आहे. २६८ श्रोते, त्यातले १२ प्रशिक्षित, बाकी दुकानदार, परीक्षक, विक्रीखात्यातले लोक, विद्यार्थी. चार स्पीकर. पसंतीचा क्रम सगळ्यांचा जवळपास सारखाच निघाला. फरक पडला तो ठामपणात. प्रशिक्षितांना फरक ठळक कळत होते आणि ते पुन्हा विचारलं तरी तेच गुण देत होते. विद्यार्थी सगळ्यात डळमळीत. दुकानदार ऑडिओ परीक्षकांपेक्षा सरस ठरले! परीक्षण लिहिणाऱ्यांनी हा निष्कर्ष फारसा छापलेला मला आढळला नाही.

मोजण्याची पद्धत पुढे रूढ झाली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स संघटनेने ती सीईए-२०३४ या नावाने प्रमाणित केली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीने असं यंत्र काढलं, की मायक्रोफोन स्पीकरभोवती अगदी जवळून फिरतो आणि साध्या खोलीतही कक्षाइतकी नेमकी मोजणी होते. त्यामुळे पूर्वी जे फक्त मोठ्या कंपन्यांना जमायचं ते आता एखादा हौशी माणूस गॅरेजमध्ये करतो, अर्थात यंत्राचे पैसे मोजायची तयारी असेल तर.

माझी स्वतःची शंका त्या निसटलेल्या पाव भागाबद्दल आहे. हार्मनच्या चाचण्यांत वाजलेलं संगीत बहुतांशी पाश्चात्त्य पॉपच्या वळणाचं. त्यामागे कारण होतं: खर्जापासून टिपेपर्यंत भरगच्च असलेली गाणी स्पीकरची खोड लवकर उघडी पाडतात, एकटा बोलणारा माणूस किंवा एकटं वाद्य तितकं पाडत नाही, असं त्यांनाच आढळलं होतं. आता एकट्या वाद्यांत तानपुरा बसवायचा कुठे? त्याची जवारी लावलेली असली की एका तारेतून वरच्या स्वरांशांची अख्खी झालर निघते, आणि ती थांबत नाही. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं, की स्पीकरची घुमणारी खोड तुटक आवाजापेक्षा सलग, भरलेल्या आवाजात लवकर कळते. तबल्याच्या थापेत लपलेली खोड तानपुऱ्यात लपायला जागा नाही असा माझा कयास आहे, निदान मधल्या पट्टीत तरी. मागच्या दिवाळीत मित्राच्या नव्या स्पीकरवर मी आग्रहाने नुसता तानपुरा लावला, काळी चारचा, पाच मिनिटं. एका विशिष्ट स्वरांशावर आवाज दर आवर्तनाला थोडा पुढे यायचा, जणू कुणी तेवढ्यापुरतं दार किलकिलं करतंय. मित्राच्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “भाऊजी, ते मध्येच वूं-वूं काय होतंय?” त्या स्पीकरची मोजमापं मी अजून पाहिलेली नाहीत. मायक्रोफोन मागवलाय.